खुर्चीवरची घार

लाटांच्या तलावाच्या खोल काठावर एक उंच पांढरी खुर्ची आहे, आणि तिच्यावर बसणाऱ्या बाईला वॉटर पार्कमधले सगळे घार म्हणतात. खरं नाव घरी ठेवून यायचं, असा इथला रिवाजच आहे. तिची जागा घ्यायला येणारा दुसरा जीवरक्षक उंच, लुकडा, आणि उभा राहिला की एक पाय उचलून धरणारा. म्हणून तो बगळा. सुपरवायझर जन्मात कधी सैन्याच्या वाटेला गेलेला नाही, पण छाती काढून चालतो आणि साध्या गोष्टीचाही हुकूम सोडतो. म्हणून तो मेजर.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. अशा दिवशी माणसं गारव्यासाठी घराबाहेर पडतात आणि एकमेकांच्या घामात पोहून परत जातात. फरशी इतकी तापलेली की मुलं टाचांवर नाचत पळत होती. घसरगुंड्यांच्या जिन्यांवर रांगा, न्हाणीघरांबाहेर रांगा, आइसक्रीमसाठी तर भांडणंच. आणि लाटांच्या तलावात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सक्तीच्या पांढऱ्या टोप्या घातलेली शेकडो डोकी, ट्यूब, चेंडू, बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं, आणि खोल पाण्याआधीच्या पिवळ्या दोरीपर्यंत तरंगायच्या नारिंगी जॅकेटांतली मुलंच मुलं.

घारीचं काम बघण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. तिचा नवरा तर पाहुण्यांसमोर म्हणतो, "हिची नोकरी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." त्याला एकदा उन्हाळ्यातल्या रविवारी त्या उंटावर बसवायला हवा होता. पाण्यावरून तिरीप डोळ्यांत घुसते, पाठीचा कणा दुखायला लागतो, आणि तरी नजर हलती ठेवायची, डावीकडून उजवीकडे, जवळून लांब, पुन्हा जवळ. चेहरे बघायचे नाहीत, हे नव्या माणसाला सगळ्यात आधी शिकवतात. चेहऱ्यात जीव गुंतला की बाकीचं पाणी हातचं जातं. बघायचं ते डोकं सरळ आहे की मागे कलंडलंय, तोंड पाण्याच्या वर आहे की पातळीला आलंय. जो खिदळतोय तो ठीक आहे, त्याला सोडून पुढे. बुडणारा माणूस बहुतेकदा गाजावाजा करत नाही. तो गुपचूप जातो.

आणि खुर्ची सोडायची तर तिचीही एक रीत आहे. खाली आलेला माणूस आधी पाण्याकडे तोंड करून उभा राहतो, सगळं पाणी नजरेखालून घालतो. वरचा म्हणतो, "पाणी दिलं." खालचा म्हणतो, "घेतलं." हे दोन शब्द झाल्याशिवाय वरच्याने मान वळवायची नाही, मग खाली आग लागो, नाहीतर साक्षात मेजर येवो.

त्या दिवशी आली ती सासू.

खरं तर घारीने सासूला परोपरीने सांगितलं होतं की घरच्यांचा पास आहे, कुठल्याही दिवशी या, रविवारी तेवढं येऊ नका. पण सासूबाईंना सांगितलेलं ऐकायची सवय नव्हती, सांगायची होती. "सुट्टी संपत आली, पोरगी घरात बसून कंटाळली," म्हणत त्या नातीला घेऊन सकाळीच पार्कच्या दारात हजर. नात, म्हणजे घारीची मुलगी, आठ वर्षांची. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे तिला घरात भिंगरीच म्हणतात.

घारीने तिला लॉकरच्या खोलीत बाकावर उभं केलं, लाल पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्या बांधल्या, दोन वेण्या बांधल्या, आणि दम भरला, "हे बघ, मी खुर्चीवर असताना जवळ यायचं नाही. हाक मारायची नाही. मी बघणार नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. आजीचा हात सोडायचा नाही."

"तू सगळ्यांकडे बघतेस."

"ते काम आहे गं राणी."

"मग माझ्याकडे कधी?"

"संध्याकाळी," घार म्हणाली, आणि तिच्या वेण्यांना एक झटका देऊन निघून गेली, कारण बगळा तिची वाट बघत खुर्चीवर वाळत होता. पूर्ण सुट्टीभर ती पोरीला हेच सांगत आली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर तिचे डोळे इतके जळायचे की ती जेवता जेवता मिटून घ्यायची. हे तिला खुपत होतंच, खुपत नव्हतं असं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा लाउडस्पीकर खरखरला. मेजरचा आवाज.

"सर्व कर्मचाऱ्यांनी लक्ष द्या. एक मुलगी सापडत नाही. वय आठ. लाल पोहण्याचा पोशाख. दोन वेण्या. शेवटी आइसक्रीमच्या दुकानासमोर बाकावर बसलेली होती. जे पाण्यावर नाहीत त्यांनी शोधायला निघावं. जे पाण्यावर आहेत त्यांनी जागा सोडू नये. आपापलं पाणी बघा."

घारीने आपलं पाणी बघितलं. शिकवलंय तसं, आधी तळ, मग मध्य, मग पृष्ठभाग. सगळं चाळून झालं, आणि मग, इतक्या उशिरा, तिच्या डोक्यात उजेड पडला. लाल पोशाख. दोन वेण्या. आपण बांधलेल्या.

आणि तरीही मान वळली नाही, इतकी ती सवय हाडांत मुरलेली होती.

"अगं, खाली उतर!" खुर्चीच्या पायाशी सासूचा आवाज आला. धापा टाकत, चिरकलेला. "आपली भिंगरी गेली कुठेतरी!"

"ऐकलं मी, आई." घार पाण्याकडे बघतच बोलली. "तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? रांगेत! तिला काहीतरी थंड हवं होतं. म्हटलं बाकावरून हलू नकोस. ही भलीमोठी रांग, पुढे एक बाई दहा जणांचं घेत बसली. मागे वळून बघते तर बाक रिकामा."

"किती वेळ झाला?"

"मला काय ठाऊक! घड्याळ त्या तुमच्या लॉकरमध्ये. तू आधी खाली उतर."

"नाही उतरता येत."

"काय?"

"माझ्या जागी कोणी आल्याशिवाय नाही उतरता येत, आई."

"माझ्याकडे बघून बोल!"

"बघताही येत नाही."

मग सासूने खुर्चीचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला. "बाई आहेस का दगड? जगाची पोरं राखायला बसलीयस आणि स्वतःची वाऱ्यावर! काय झालं बिचारीचं, कोणी उचलून नेली का कुठे पडली, आणि ही मान वळवत नाही! मी तरी कुणाच्या तोंडाला लागलेय!"

म्हातारीचं चुकलं होतं आणि ते तिला कळलं होतं, म्हणून आवाज एवढा चढला होता. घारीलाही हे कळत होतं. पण कळून घाव बसायचा राहत नाही.

"आई, ऐका. मेजरकडे जा. म्हणावं बगळ्याला इकडे पाठवा. लगेच."

"बगळा? माझा इथे जीव चाललाय आणि हिला पक्षी सुचतायत!"

"माणूस आहे तो! उंच आहे! जा ना!" घार ओरडली. लग्न झाल्यापासून ती सासूवर पहिल्यांदा ओरडली, तेही तिच्याकडे न बघता. सासू काहीतरी पुटपुटली आणि तिच्या ओल्या चपलांचा चटाक्‌ चटाक्‌ आवाज गर्दीत विरत गेला.

घारीने दोनदा लांब शिट्टी दिली. माझी जागा घ्या, असा तिचा अर्थ. कोणी आलं नाही. येणार कोण, सगळे तर तिच्याच मुलीला शोधायला गेले होते.

खुर्चीच्या हाताखाली एक लाल खटका असतो. तो दाबला की लाटा थांबतात, कर्कश घंटा वाजते आणि सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं असतं. रिकाम्या पाण्याला पहारा लागत नाही. घारीचा हात त्या खटक्यावर गेला आणि तिथेच राहिला. दाब, तिचं मन म्हणत होतं, दाब आणि पळ. पण ही घंटा कोणी बुडत असेल तरच वाजवायची. उगाच वाजवली तर एवढी माणसं एकदम पायऱ्यांकडे धावणार, आणि पायऱ्यांवर लहान पोरं बसलेली. कोणाचं तरी पोर पायाखाली येणार. आपलं वाचवायला कोणाचं तरी. हात खटक्यावरून निघत नव्हता आणि दाबतही नव्हता.

दरम्यान डोक्यात नको नको ते येत होतं. मोठ्या घसरगुंडीच्या तळाशी जिथे पाणी उसळतं ती जागा. पंपांच्या खोलीचं दार, जे कधीकधी उघडं राहतं. बाहेरचं फाटक आणि फाटकापलीकडच्या गाड्या, आणि एखादा गोड बोलणारा माणूस. भिंगरी कोणाशीही बोलते. कोणाचाही हात धरते. हे आपणच कौतुकाने सगळ्यांना सांगत आलो.

आणि मग तिने ते केलं जे करायचं नसतं. ती शोधायला लागली.

नजर अजून पाण्यावरच होती, बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. पण आता ती पाणी बघत नव्हती, लाल रंग बघत होती. लाल दिसलं की थांबायची. चेंडू. पुढे. लाल ट्यूब. पुढे. लाल कपड्यातली एक मुलगी, काळजात धस्स, पण ती तर चांगली उंच. दोन वेण्या कुठे दिसतात का? सगळ्या टोप्यांखाली. लाउडस्पीकरने जे सांगितलं तेच ती आई असून शोधत होती. काठावरच्या एका नारिंगी जॅकेटाने तिच्याकडे हात हलवला. ठीक आहे. पुढे.

तेवढ्यात लाटांचा भोंगा वाजला. तलावभर एकच जल्लोष उठला आणि खोल टोकाकडून पाणी फुगत आलं. डोकी वर गेली, खाली आली. घार लाल शोधत होती. डावीकडे, काठावर, पायऱ्यांवर. दुसरी लाट. मध्यभागी एक धष्टपुष्ट माणूस लाटेतून वर आला, तोंडावरचं पाणी पुसत, हसत, डोळे घट्ट मिटलेले. घारीची नजर त्याच्यावरून पुढे गेली आणि गचका बसल्यासारखी मागे आली.

मघाशी तिथे दोन डोकी होती. त्या माणसाच्या खांद्यावर एक लहान पोर बसलं होतं.

ते कधी पडलं, या लाटेला की आधीच्या, हे तिला माहीत नव्हतं. एरवी तिला माहीत असतं. तिने खटका दाबला, शिट्टी फुंकली आणि उडी मारली.

पाण्यात माणसांची भिंत होती. घंटा कर्कश वाजत होती आणि लोक उलट दिशेला लोटत होते, तिच्या अंगावर. ती कोपरं मारत घुसली. मध्ये एक नारिंगी जॅकेट आलं, नेमकं तोंडासमोर, आणि तिच्याकडेच येत होतं. तिने ते खांद्याने असं भिरकावलं की ते गरकन फिरून बाजूला गेलं. त्या माणसापाशी पोचून तिने श्वास भरला आणि बुडी घेतली. निळसर पाणी, पायच पाय, बुडबुडे. हात फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. पायांच्या मधून एक इवलासा दंड हाताला लागला.

पोर वर आलं तेव्हा ओठ निळे होते आणि ते गप्प होतं. बाप अजूनही अर्धवट हसत होता. "काय झालं?" म्हणाला. घारीने त्याला उत्तर दिलं नाही. तिने पोराला काठावर आणलं, कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या दिल्या. एक. दोन. पोटातून पाणी आलं, खोकला आला, आणि मग त्याने असं काही भोकाड पसरलं की आजूबाजूच्या बायका रडायलाच लागल्या. बाप गुडघ्यांवर बसला आणि पोराऐवजी घारीचे पाय धरायला लागला. तिने ते सोडवून घेतले. आपण पाय धरू देण्याच्या लायकीचे नाही, हे एका तिलाच ठाऊक होतं.

तलाव रिकामा झाला होता. लाटा मावळल्या, पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. तळाशी एक चप्पल, एक चेंडू. बाकी नुसत्या निळ्या फरशा. भिंगरी या पाण्यात नाही. घारीने केवढा तरी श्वास सोडला, आणि तो सोडताक्षणी नवी धास्ती छातीवर येऊन बसली, कारण इथे नाही तर मग कुठे?

बगळा लांब ढांगा टाकत धावत आला. पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. "बोल," म्हणाला.

"पाणी दिलं."

"घेतलं. जा, पळ."

ती वळली. पळायला पाऊल उचललं. काठावर बाहेर काढलेल्या मुलांची ही गर्दी, त्यांना चुकवत ती चाललीय, तोच मागून कोणीतरी तिच्या कमरेला बांधलेली बचावाची दोरी धरली.

"आई, केवढ्यानं ढकललंस!"

हनुवटीपर्यंत आलेलं नारिंगी जॅकेट. भुवयांपर्यंत ओढलेली पांढरी टोपी. खरचटलेलं कोपर. खोटं कशाला सांगा, निमिषभर घारीला वाटलं, हे कोणाचं पोर? मग ती मटकन खाली बसली.

"कुठे होतीस तू? कुठे होतीस?"

"इथेच. तुझ्यासमोर." भिंगरीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आजी रांगेत गेली ना, तेव्हापासून. पायऱ्यांपाशी जॅकेटं ठेवलेली असतात, त्यातलं घातलं. खुर्चीजवळ नाही आले मी. हाक पण नाही मारली. नुसता हात करत होते."

"तुला शोधत होते गं सगळे! लाउडस्पीकरवर सांगत होते!"

"पाण्यात काय ऐकू येतंय? टोपी कानावर." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तू बघितलंस माझ्याकडे. खूपदा. बघायचीस आणि पुढे जायचीस. मग तू उडी मारलीस तेव्हा मला वाटलं, माझ्याकडेच येतेयस. म्हणून मी आले."

सासू आली ती रडतच. आधी तिने नातीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याच हाताने तिला पोटाशी ओढलं, मग सुनेकडे बघितलं. आवाजातला विखार कुठल्या कुठे गेला होता, त्यामुळेच तो प्रश्न जास्त लागला. "समोर होती, आणि तुला दिसली नाही? पोटची पोर?"

"आई, आम्ही चेहरे बघत नाही," घार म्हणाली. ती सासूला सांगत होती आणि स्वतःलाही. "एवढ्या माणसांत नाही बघता येत. जो अडचणीत आहे तोच दिसायला हवा, म्हणून जो ठीक आहे त्याच्यावरून नजर पुढे जाते. ही ठीक होती. हसत होती, हात हलवत होती. म्हणून मी पुढे गेले. ती नीट होती म्हणूनच नाही दिसली."

सासूला हे पटलं की नाही कोण जाणे. भिंगरी मात्र लक्ष देऊन ऐकत होती. अवघड गणित समजलं की ती कपाळाला आठी घालते, तशी घातली होती.

"म्हणजे मी बुडत असते तर दिसले असते?"

"हो," घार म्हणाली. मुलीला धीर द्यायचा म्हणून लगेच, ठामपणे म्हणाली. "बुडत असतीस तर पहिल्यांदा तूच दिसली असतीस."

भिंगरीची आठी गेली. "बरं," ती म्हणाली. रुसून नाही, धमकी म्हणून तर नाहीच; उद्यापासून दात नीट घासेन, असं सांगावं तितक्या सरळपणे म्हणाली, "मग पुढच्या वेळी तसंच करते."

सासूने तोंडावर पदर धरला. बगळ्याने खुर्चीवरून शिट्टी दिली, घंटा बंद झाली आणि माणसं पुन्हा पाण्यात उतरायला लागली. घारीने मुलीच्या डोक्यावरची टोपी काढली, जॅकेटाचे बंद सोडले, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नाकावर उन्हाने सोलवटलेली कातडी होती. डाव्या भुवईत एक बारीकसा वण होता, तो कधी झाला हे घारीला माहीतच नव्हतं. ती बघत राहिली. मेजर येऊन काहीतरी विचारून गेला, तिने ऐकलं नाही.

"आई, दुखतंय," भिंगरी म्हणाली.

घारीने हात सैल केले, पण काढले नाहीत.